दादरचा ४०१के टेस्टिंगचा क्लास: पाचव्या शनिवारचे पैसे वसूल, बाकीचं बघून घ्या

मालाडच्या माइंडस्पेसला अमेरिकन रिटायरमेंट प्लॅनच्या, म्हणजे ४०१केच्या, प्रोसेसमध्ये मला आता पाचवं वर्ष लागलंय, आणि गेल्या महिन्याभरात ऑफिसातल्या तिघांनी वेगवेगळं गाठून एकच विचारलं की तू तो दादरचा शनिवारचा क्लास केलास ना, कसा आहे, पैसे घालू का. तिघांना तीन वेळा अर्धं अर्धं सांगून झालं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. क्लासचं नाव नाही लिहीत, कारण काही गोष्टी नावं ठेवण्यासारख्याच आहेत आणि सर माणूस म्हणून मला आवडतात. ज्याला शोधायचाय त्याला सापडेल.

आधी मी तो लावला का ते सांगते. मागच्या वर्षीची ११ मार्चची रात्र. एका छोट्या कंपनीची एडीपी टेस्ट, म्हणजे मालक आणि मोठ्या पगाराचे वरचे लोक साध्या कर्मचाऱ्यांच्या मानाने प्लॅनमध्ये फार जास्त टक्के तर टाकत नाहीत ना ही तपासणी, मी फेब्रुवारीत चालवून, पास दाखवून, फाइल बंद केली होती. जेमतेम पास होती पण पास होती, लिमिट ६.१ आणि वरच्या लोकांचं अॅव्हरेज ५.९. मग त्या रात्री क्लायंटकडून भलत्याच कामाचा मेल आला आणि त्यात सहज एक वाक्य, की अकाउंट्स बघणाऱ्या मॅडम म्हणजे मालकांची मुलगी. आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे सेन्ससमध्ये, म्हणजे क्लायंटने पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या यादीत, कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. मालकांची मुलगी म्हणजे वरच्यांत, मी तिला साध्या कर्मचाऱ्यांत धरलेलं, आणि ती पगाराच्या १२ टक्के टाकत होती! म्हणजे खालच्यांचं अॅव्हरेज तिनेच वर उचलून धरलेलं. तिला काढून वरच्या गटात टाकलं तर खालचं अॅव्हरेज ४.१ वरून ३.७६ वर आलं, लिमिट ५.७६, आणि वरचं अॅव्हरेज ७.१२. (आकडे थोडे फिरवलेत, गणित तेच आहे.) पास झालेली टेस्ट दणदणीत फेल, आणि वरच्यांचे जास्तीचे पैसे परत करायच्या १५ मार्चच्या मुदतीला हातात चार दिवस. टीएलने (टीम लीडरने) विचारलं, फॅमिलीचा, म्हणजे मालकांचे नातेवाईक कोण कोण ते लिहायचा, फॉर्म भरून घेतला होतास का. घेतला होता की, कोराच आला होता, आणि कोरा म्हणजे कुणी नाही असं मी समजले होते. रिफंडचे चेक १४ मार्चला निघाले. त्यानंतर दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही, आणि तेव्हाच ठरवलं की हे नीट शिकायचं, टूलमधलं बटण दाबण्यापुरतं नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे पीएफ कसा, बेसिकच्या १२ टक्के तुझे आणि १२ टक्के कंपनीचे, शिपायाचेही तेवढेच टक्के आणि मॅनेजरचेही तेवढेच. कुणाला जास्त टाकायचे तर व्हीपीएफ, आणि त्यातही डायरेक्टरने किती टाकले नि वॉचमनने किती टाकले याची तुलना कुणी करत बसत नाही. सरकारने केलं ते एवढंच, की १ एप्रिल २०२१ पासून वर्षाला अडीच लाखांच्या वर स्वतःचे टाकले तर त्या वरच्या रकमेच्या व्याजावर टॅक्स. अमेरिकेत ४०१के म्हणजे त्यांच्या टॅक्स कायद्याचं कलम, १९७८ साली आलेलं, आणि त्यात किती टक्के टाकायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. मग होतं काय, मालक आणि मोठ्या पगाराचे लोक टॅक्स वाचतोय म्हणून लिमिटपर्यंत भरतात, आणि ज्याचं घरभाडंच भागत नाही तो शून्य टाकतो. म्हणून तिथल्या कायद्याने वरच्यांचं अॅव्हरेज खालच्यांच्या अॅव्हरेजला बांधून ठेवलंय. वरचे म्हणजे एचसीई, खालचे म्हणजे एनएचसीई. आणि जो पात्र आहे पण काहीच टाकत नाही, तो शून्य धरून मोजायचा, वगळायचा नाही. नवीन लागलेली पोरं पहिली चूक इथेच करतात, मीही केली होती.

आता क्लास. दादर वेस्टला, छबिलदासच्या गल्लीच्या पुढे, जुन्या बिल्डिंगचा दुसरा माळा, लिफ्ट नाही, खाली साड्यांचं दुकान. शनिवारी ११ ते २, असे सहा शनिवार, फी १४,५०० रुपये, एकरकमी. बिल मागितलं तर पुढच्या शनिवारी देतो, ते चौथ्या शनिवारी आलं, तेही तीनदा आठवण केल्यावर. आमची शिफ्ट शुक्रवारी रात्रीची संपते पहाटे साडेतीनला, डोंबिवलीला ड्रॉप होईपर्यंत पाच, साडेआठपर्यंत कशीबशी झोप आणि मग परत फास्ट पकडून दादर. सासूबाई म्हणायच्या, अगं नोकरी आहे ना तुला, मग हा क्लास कशाला. तरी शनिवार आहे हे बरंय, रविवार असता तर मेगाब्लॉकने निम्मे क्लास बुडाले असते. वीसेक जण होतो, एसी एकच आणि तो ज्याच्या डोक्यावर त्याच्या वहीवर ठिबकतो, त्यामुळे उजवीकडची तिसरी रांग टाळा.

पहिला शनिवार गेला ४०१के म्हणजे काय, ट्रस्टी कोण, टीपीए (बाहेरून प्लॅनचं काम बघणारी कंपनी) कोण यात. ज्याने एक सीझन काम केलंय त्याला नवीन काहीच नाही. दुसऱ्यात कव्हरेज टेस्ट, म्हणजे प्लॅनमध्ये पुरेसे साधे कर्मचारी घेतलेत का, त्यातला ७० टक्क्यांचा हिशोब, फेल गेली तर ऑक्टोबरच्या १५ तारखेपर्यंत प्लॅनमध्ये मागे जाऊन दुरुस्ती करता येते वगैरे. ठीक होतं, सरांची गाडी जरा हळू चालते. सर साठीच्या आसपासचे, याच धंद्यात बरीच वर्षं काढलेले, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि मुलींना सरसकट 'बाळा' म्हणतात. पहिल्या दिवशी मला ते खटकलं, नंतर सवय झाली.

तिसऱ्या शनिवारपासून मजा आली. एचसीई कोण? एक, ज्याचा मागच्या वर्षीचा पगार ठरलेल्या आकड्याच्या वर, म्हणजे २०२५ च्या टेस्टला २०२४ चा पगार १,५५,००० डॉलरच्या वर. दोन, ज्याची कंपनीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त मालकी, मग पगार शंभर डॉलर का असेना. आणि ही मालकी घरच्यांना चिकटते, खरी गंमत तिथे. सरांनी फळ्यावर अख्खं खानदान काढलं, मधे मालक, आणि एकेकाला विचारायला लागले, हा धरायचा का? बायको, हो. मुलगी, हो. आई-वडील, हो. भाऊ? सगळे म्हणाले हो, सर म्हणाले नाही. सून? नाही. जावई? नाही. मागून कुणीतरी म्हणालं, जावई तर आपल्याकडे पहिला धरतात, तेव्हा सगळा वर्ग हसला. मग सरांनी विचारलं, नातू? आम्ही म्हणालो मुलगा धरला तर नातू धरायलाच पाहिजे. तर नाही! मालकाच्या नातवाला मालकी चिकटत नाही, पण मालकाच्या आजोबांना चिकटते, कारण कायदा असा लिहिलाय की माणसाकडे त्याच्या नवरा-बायकोची, मुलांची, नातवंडांची आणि आई-बापाची मालकी आहे असं समजायचं. आजोबांचं त्या यादीत नावच नाही. म्हणजे आजोबा मालक असला तर नातू सुटतो, नातू मालक असला तर आजोबा अडकतो. पाच वर्षं या कामात आहे आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या टूलमध्ये नुसता एक टिकबॉक्स आहे, फॅमिली येस-नो.

चौथ्यात टेस्ट प्रत्यक्ष चालवायची, तीही एक्सेलमध्ये. काहींनी तक्रार केली की बाहेर सॉफ्टवेअर वापरतात मग एक्सेल कशाला. मला उलट हेच आवडलं, कारण सॉफ्टवेअर लाल अक्षरात फेल लिहून मोकळं होतं, का ते कळत नाही. नियम ऐकायला किचकट, चालवायला सोपा. खालच्यांच्या अॅव्हरेजची सव्वापट, किंवा दुप्पट आणि अधिक दोन यातलं जे कमी ते, आणि या दोन्हीतलं जे मोठं ते वरच्यांचं लिमिट. खालचं १ टक्का तर वरचं २. खालचं ४ तर वरचं ६. खालचं १० तर वरचं साडेबारा. मधल्या पट्ट्यातच बहुतेक प्लॅन असतात, म्हणून डोक्यात 'अधिक दोन' पक्कं ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आता पाचवा शनिवार. त्या तीन तासांसाठी मी १४,५०० पुन्हा एकदा भरेन.

सरांनी फळ्यावर न्यू जर्सीतल्या एडिसनला एक फरसाणचं दुकान टाकलं. वीस कामगार, प्रत्येकी ४०,००० डॉलर, त्यांचं अॅव्हरेज ३ टक्के. म्हणजे वरच्यांचं लिमिट ५. वरचे तिघं. मालक, पगार ३ लाख, टाकले २१,००० म्हणजे ७ टक्के. मॅनेजर, १ लाख ६० हजार, मागच्या वर्षीही तेवढाच, टाकले १६,००० म्हणजे १० टक्के. मालकीणबाई, १ लाख, टाकले ४,००० म्हणजे ४ टक्के, बायको म्हणून एचसीई. तिघांचं अॅव्हरेज ७. फेल.

किती परत करायचे? आधी टक्क्यांवर चालायचं, सगळ्यात वरचा खाली आणायचा. मॅनेजर १० वरून मालकाच्या ७ ला आणला, अजून कमी पडतंय, मग दोघं मिळून खाली, साडेपाच-साडेपाचला थांबले. साडेपाच, साडेपाच, चार, बेरीज १५, भागिले ३, बरोबर ५. आता डॉलर मोजा. मॅनेजरचे साडेचार टक्के गेले म्हणजे ७,२००, मालकाचा दीड टक्का म्हणजे ४,५००, एकूण ११,७००. इथे सर थांबले, खडू ठेवला, चहा मागवला आणि म्हणाले, आता सांगा कुणाला किती चेक काढायचा. सगळ्यांनी लिहिलं, मॅनेजर ७,२००, मालक ४,५००. सर म्हणाले, वीसच्या वीस जण चुकले.

कारण टक्क्यांनी फक्त एकूण रक्कम ठरली. ती कुणाच्या खिशातून काढायची हे डॉलरवर ठरतं. आता ज्याने सगळ्यात जास्त डॉलर टाकले तो सगळ्यात वर, म्हणजे मालक २१,०००. त्याला मॅनेजरच्या १६,००० पर्यंत आणला, ५,००० गेले. राहिले ६,७००, ते दोघांत निम्मे, ३,३५०. मालकाला ८,३५० परत, मॅनेजरला ३,३५०. दोघंही १२,६५० वर येऊन थांबले. पुढे बसलेला एक मुलगा तावातावाने म्हणाला, सर पण फेल तर दहा टक्केवाल्यामुळे झालं ना, मग मार मालकाला कशाला? सर म्हणाले, बाळा, टक्क्याने रक्कम ठरते, डॉलरने माणूस ठरतो, हे वहीच्या पहिल्या पानावर लिही. (मुलांनाही बाळा म्हणतात हे तेव्हा कळलं.) पूर्वी टक्क्यांनीच वाटायचे, पण मग सगळा फटका कमी पगाराच्या एचसीईला बसायचा, कारण थोडे डॉलर टाकले तरी त्याचा टक्का मोठा दिसतो. १९९६ च्या कायद्याने ते बदललं आणि १९९७ पासून ही पद्धत आली.

मग मी घरी करते तसा आगाऊपणा केला, नवीन आकडे घालून टेस्ट परत चालवली. मालक ४.२२, मॅनेजर ७.९१, मालकीण ४, अॅव्हरेज ५.३७. परत फेल! वही सरांना नेऊन दाखवली तर ते एवढे खूश झाले की बस. म्हणाले, दरवर्षी एकच कुणीतरी हे करून बघतं. उत्तर असं की परत चालवायचीच नाही, ठरलेल्या पद्धतीने पैसे परत केले की कायद्याच्या नजरेत टेस्ट पास धरली जाते, पुन्हा मोजून काहीही येवो. हे मला नुसतं वाचून कधीच पटलं नसतं.

पुढे सरांनी मालकाचं वय विचारलं. आम्ही म्हणालो, तुम्हीच सांगा. ५२. झालं, पन्नाशीच्या वर असल्यामुळे त्याची कॅचअपची, म्हणजे पन्नाशीनंतर साध्या लिमिटच्या वर टाकता येणाऱ्या पैशांची, ७,५०० ची जागा पूर्ण रिकामी आहे, कारण २०२५ चं साधं लिमिट २३,५०० आणि त्याने टाकलेत २१,०००. म्हणजे प्लॅनमध्ये कॅचअप असेल तर ८,३५० पैकी ७,५०० नुसते कॅचअप म्हणून नाव बदलून आतच राहतात आणि चेक निघतो ८५० चा, वर त्याची कमाई. मालक खूश, मॅनेजर बिचारा चाळिशीचा, त्याला पूर्ण ३,३५० घ्यावे लागतात आणि ज्या वर्षी चेक मिळाला त्या वर्षाचा टॅक्स भरावा लागतो, दुसऱ्या खात्यात फिरवताही येत नाहीत. कुणी जन्मतारखेची कॉलम सेन्ससमध्ये चुकवली तर काय होतं ते मला तेव्हा नीट उमगलं.

तारखा सरांनी घोकूनच घेतल्या. कॅलेंडर वर्षाचा प्लॅन असेल तर १५ मार्चच्या आत परत केले तर काही नाही. त्यानंतर कंपनीला १० टक्के दंडाचा टॅक्स, फॉर्म ५३३० भरायचा. फरसाणवाल्याच्या हिशोबात कॅचअप बाजूला ठेवला तर ११,७०० वर १,१७०. ज्या प्लॅनमध्ये लोकांना आपोआप सामील करून घेण्याची ठरावीक पद्धत असते त्यांना अडीचऐवजी सहा महिने मिळतात. आणि वर्ष संपल्यावर बारा महिनेही गेले तर प्रकरण साध्या रिफंडवर मिटत नाही, मग आयआरएसच्या (अमेरिकन टॅक्स खात्याच्या) दुरुस्ती-पद्धतीत जावं लागतं, आणि तिथला एक प्रचलित मार्ग म्हणजे एकास एक: जेवढे एचसीईला परत, तेवढेच कंपनीने स्वतःच्या खिशातून खालच्यांच्या खात्यात टाकायचे. ११,७०० बाहेर आणि ११,७०० आत, वर कमाई.

रिफंड नको असेल तर दुसरा रस्ता क्यूनेक, म्हणजे कंपनीने खालच्यांच्या खात्यात पैसे टाकून त्यांचंच अॅव्हरेज वर उचलायचं, ते पैसे पहिल्या दिवसापासून पूर्ण त्यांचे. फरसाणवाल्याला खालचं ३ वरून ५ करायला लागेल, म्हणजे आठ लाखांच्या पगारावर २ टक्के, १६,००० डॉलर. मागच्या वर्षीच्या अॅव्हरेजवर चालणाऱ्या प्लॅनला याचा फारसा उपयोग नाही, हेही सरांनी सांगितलं. आणि तिसरा, जो २०१९ च्या सिक्युअर कायद्याने सोपा केला, मागे जाऊन सेफ हार्बर, म्हणजे कंपनीने सगळ्यांना ठरावीक टक्के दिले की ही टेस्टच लागत नाही. वर्ष संपायच्या तीस दिवस आधीपर्यंत ठरवलं तर सगळ्यांना ३ टक्के, त्यानंतर पुढचं वर्ष संपेपर्यंत ठरवलं तर ४ टक्के. फरसाणवाल्याला नुसत्या कामगारांचे ४ टक्के म्हणजे ३२,०००. सरांनी तिन्ही आकडे शेजारी लिहिले, म्हणाले, आता तुम्ही मालक असाल तर काय कराल? सगळे म्हणाले रिफंड. साहजिक आहे, त्यात मालकाचं स्वतःचंच परत येतं आणि कामगाराला दमडी मिळत नाही. मला जरा वाईट वाटलं खरं. टेस्ट केली कामगारासाठी, फेल झाली कामगारामुळे, आणि शेवटी त्याला पत्ताही नाही.

एवढं कौतुक झालं, आता तक्रारी.

नोट्स. झेरॉक्सच्या दीडशे पानांचा गठ्ठा देतात आणि त्यात डिफरलचं, म्हणजे पगारातून स्वतः टाकायच्या पैशांचं, लिमिट १९,००० आणि एचसीईचा आकडा १,२५,०००. हे २०१९ चे आहेत! सर तोंडी नवीन सांगतात पण एखादा शनिवार बुडला तर तुम्ही जुनेच आकडे घेऊन बसाल. त्याहून वाईट म्हणजे एका पानावर लिहिलंय की वर्ष संपल्यापासून चेक निघेपर्यंतच्या मधल्या दिवसांची कमाईही रिफंडमध्ये धरायची. ते २००८ पासून बंद आहे. दुसऱ्या पानावर लिहिलंय की सोडून गेलेल्यांचे जप्त झालेले पैसे क्यूनेकला वापरता येत नाहीत, तेही २०१८ मध्ये बदललं. मी दोन्ही दाखवले तर सर म्हणाले, हां ते बदलायचं राहिलंय. चौदा हजार घेता तर एकदा टाइप करून घ्या की!

एसीपी टेस्ट, म्हणजे कंपनीच्या मॅचची (कर्मचाऱ्याने टाकलं त्यावर कंपनी स्वतःचे टाकते त्याची), पंधरा मिनिटांत उरकली, 'सेम टू सेम' म्हणून. सेम टू सेम नाहीये. डिफरल परत केलं की त्याच्यावर मिळालेल्या मॅचचं काय करायचं, हा प्रत्यक्ष कामातला रोजचा प्रश्न. ज्याचं डिफरल परत गेलं त्याच्याकडे मॅच तशीच राहिली तर एचसीईला जास्त दराने मॅच मिळाल्यासारखं होतं, म्हणून ती जप्त करावी लागते. हे मला ऑफिसातल्या एका सीनियरने कॅन्टीनमध्ये शिकवलं, फुकट.

सहावा शनिवार तर शुद्ध पाणी घालणं. टॉप हेवीची टेस्ट, म्हणजे प्लॅनमधले बहुतेक पैसे मालक-मोठ्यांचेच आहेत का, तासाभरात, ६० टक्के आणि ३ टक्के एवढं सांगून, आणि उरलेले दोन तास इंटरव्ह्यूची तयारी, टेल मी अबाउट युवरसेल्फ. आम्हाला नोकऱ्या होत्या हो सगळ्यांना.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. अख्ख्या क्लासमध्ये सेन्सस बरोबर आहे असं धरूनच सगळं चालतं. फळ्यावरच्या दुकानात बायको कोण ते सरांना माहीत असतं. आमच्याकडे जो एक्सेल येतो त्यात आडनावं असतात फक्त. मी पाचव्या शनिवारी विचारलं, सर, कोरा फॉर्म आला तर काय करायचं? म्हणाले, ते क्लायंटचं काम. मग पगार कुठला धरायचा, बोनस आत की बाहेर, प्लॅनच्या कागदात काय व्याख्या आहे, वर्षाच्या मधे नोकरी सोडून गेलेले मोजलेत का, यातलं काही नाही. माझी ११ मार्चची रात्र रिफंडच्या गणितामुळे वाईट नव्हती गेली, ते तर टूलने चार मिनिटांत दिलं. ती गेली एका कोऱ्या रकान्यामुळे, आणि त्या रकान्यासाठी एक शनिवार ठेवला असता तर मी सहावा आनंदाने सोडला असता.

तर कुणी जावं? ज्याचा एक सीझन झालाय आणि आपण काय दाबतोय ते कळत नाही अशी ज्याला बोच आहे, त्याने जावं. फ्रेशरने जाऊ नये, तिसऱ्या शनिवारपासून डोक्यावरून जाईल. जानेवारी ते मार्चच्या बॅचला तर अजिबात नको, तेव्हा आपल्याला शनिवारीही लॉगिन असतं. मी गेले ऑगस्टच्या बॅचला, पाऊस सोडला तर तो काळ बरा. सरांना विचारून नुसता तिसरा, चौथा, पाचवा शनिवार निम्म्या पैशात मिळतो का बघा, माझ्या नंतरच्या बॅचच्या एकीला दिला म्हणे. मी पाचपैकी साडेतीन देईन, नोट्स नवीन केल्या तर चार. वडापाव क्लासनंतर खा, आधी खाल्लात तर कव्हरेज टेस्टला झोप येते.

एक राहिलं. या जानेवारीत एका क्लायंटचा फॅमिलीचा फॉर्म परत कोराच आला. मी परत पाठवला, तो परत कोरा, मी परत पाठवला, टीएल म्हणाला अगं सोड ना आता. टेस्ट तोपर्यंत चालवून ठेवलेली, फेल होती, खालचं अॅव्हरेज २.९, लिमिट ४.९, वरच्या तिघांचं ६.४, रिफंडची पत्रंसुद्धा अर्धी तयार. तिसऱ्यांदा त्यांच्या ऑफिसमधल्या बाईंनी जरा वैतागूनच भरून पाठवला: रिसेप्शनला बसतात त्या मालकांच्या आई. प्लॅनला पात्र, आणि टाकतात शून्य. खालच्या एकोणीस जणांतून त्या निघाल्या तर खालचं झालं ३.०६, लिमिट ५.०६, आणि वरच्या गटात त्यांचा शून्य येऊन बसला तर तिघांचं ६.४ चौघांत झालं ४.८. पास. एकही चेक नाही. पहाटे तीनला सरांना मेसेज टाकला, सकाळी उत्तर आलं, बाळा, आधी त्या आजींना माझा नमस्कार कळव.